एक तटस्थ विद्यार्थी

सायकलींच्या छपराला लागून असलेल्या एका खिडकीच्या खोलीत विद्यार्थी संघटनेचे कार्यालय होते, कार्यालयात एक फिरती खुर्ची होती आणि त्या खुर्चीत अध्यक्ष न फिरता बसले होते. समोर उभा राहून चिटणीस त्यांना त्यांच्याचविषयीचा मजकूर मोबाइलवरून वाचून दाखवत होता.

मजकूर लहान होता. 'जागता पहारा' असे नाव घेतलेल्या कोणा निनावी इसमाने लिहिले होते की, वाचनालय संध्याकाळीही उघडे राहावे म्हणून पायऱ्यांवर ठाण मांडून बसली ती मुले वेगळीच. अध्यक्ष शेवटच्या दिवशी आले, फोटोपुरते बसले, आणि फलकावर नाव मात्र त्यांचे एकट्याचे झळकले. अशा माणसाला पुन्हा निवडून द्यायचे का, याचा विचार शनिवारच्या सभेत व्हावा.

"किती जणांनी वाचलं?" अध्यक्षांनी विचारले.

"फारसं कोणी नाही. बारा-तेरा जण असतील. त्यातला एक मी."

"तू कशाला वाचलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, लक्ष ठेव म्हणून."

चिटणिसाचे मत असे पडले की काहीच करू नये; उद्यापर्यंत पोरे दुसऱ्या कशात तरी गुंततील. सल्ला शहाणपणाचा होता, म्हणूनच तो फेटाळला गेला. अध्यक्षांनी आपल्या आयुष्याची जी आखणी केली होती तिच्यात हा दुसरा कार्यकाळ म्हणजे केवळ जिन्याचा कठडा होता. तो धरून पुढे महासंघ, महासंघातून पक्ष आणि पक्षातून ती पांढरी गाडी, जिच्या मागच्या काचेला पडदे असतात. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ते सलग तिसऱ्यांदा बसले होते ते काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे.

तेव्हा खुलासा काढण्यात आला. तो अकरा परिच्छेदांचा झाला. त्यात 'सदर', 'तथाकथित' आणि 'बिनबुडाचे' या शब्दांची अशी दाटी झाली होती की अर्थाला पाय ठेवायला जागा उरली नाही. शिवाय आपण कशाला उत्तर देत आहोत हे वाचकाला समजावे म्हणून अध्यक्षांनी मूळ आरोप सर्वांत वर जसाच्या तसा उतरवून दिला होता. जो आरोप सकाळी बारा-तेरा जणांना ठाऊक होता, तो दुपारपर्यंत अध्यक्षांच्याच सौजन्याने संपूर्ण महाविद्यालयाला पाठ झाला.

मग उत्स्फूर्त पाठिंब्याची व्यवस्था करण्यात आली. कौतुकाचा एक मजकूर तयार करून विश्वासू कार्यकर्त्यांना पाठवला गेला. त्यांतल्या सर्वांत निष्ठावंताने, आज्ञेतला एक शब्दही गळता कामा नये या भावनेने, खालची सूचनाही तशीच छापली: 'हे आपापल्या शब्दांत लिहा. मी सांगितलं असं कळू देऊ नका.' चिटणिसाने त्याला फोन करून झापले, तेव्हा तो म्हणाला की त्याला वाटले, हाच त्यातला मुख्य मुद्दा आहे.

एवढे झाल्यावर दुसऱ्या कोणाच्या अकलेवर विसंबण्यात अर्थ नाही, अशा निष्कर्षाला अध्यक्ष आले. स्वतःच्या अकलेबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. त्यांनी 'एक तटस्थ विद्यार्थी' या नावाने नवे खाते उघडले. चित्र म्हणून उघडे पुस्तक निवडले, कारण नेटवर ते फुकट मिळत होते आणि वाचावे लागत नव्हते. पहिल्या मजकुरात तटस्थ विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण कोणत्याही गटाचे नाही, परंतु इतका कर्तबगार, निःस्वार्थी आणि देखणा नेता आपण पाहिलेला नाही. त्याखाली पहिलाच प्रतिसाद आला: 'अध्यक्ष, जेवलात का?'

त्यावरून अध्यक्ष एक गोष्ट शिकले: तटस्थ दिसायचे तर थोडी निंदाही करावी लागते. स्वतःतला दोष शोधणे हे काम त्यांना अगदीच नवखे होते. त्यांनी आधी 'प्रकृतीची पर्वा न करता राबणे' हा दोष लिहून पाहिला. तो त्यांनाही पटेना. अखेर मन घट्ट करून त्यांनी लिहिले: 'अध्यक्ष प्रत्येक सभेला उशिरा येतात आणि उशीर झाल्याबद्दल सभेलाच रागावतात. तरीही त्यांच्यावाचून पर्याय नाही.'

अंगठ्यांचा पाऊस पडला. 'अगदी अचूक', 'मनातलं बोललास', 'कोण आहेस रे तू, मित्रा'. आजवर भाषणे ठोकून ज्याला सांगून ठेवलेली टाळीही धड मिळाली नव्हती, त्याच्यावर अनोळखी माणसे मनापासून खूश होत होती. अध्यक्षांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिले की अध्यक्षांची भाषणे उपाध्यक्षा लिहून देतात, आणि त्यातले 'इथे क्षणभर थांबा' हेही एकदा अध्यक्षांनी मोठ्याने वाचले होते. अंगठे दुप्पट झाले. प्रत्येक मजकुराच्या शेवटी ते 'तरीही त्यांच्यावाचून पर्याय नाही' हे वाक्य प्रामाणिकपणे जोडत. पण पोरे मजकूर पुढे पाठवताना ते छाटत, आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनाच ते लेखनशैलीच्या दृष्टीने विजोड वाटून त्यांनी ते स्वतः गाळले.

लिखाण खरोखरच सुधारत होते, हे मान्य केले पाहिजे. खोटे बोलताना अध्यक्षांना विशेषणांच्या कुबड्या लागत. खरे लिहिताना एकही लागत नव्हती. एखाद्या विषयाचा इतका सखोल अभ्यास त्यांनी आयुष्यात प्रथमच केला होता.

गुरुवारी सकाळी न्याहारीच्या टेबलाशी धाकट्या बहिणीने मोबाइल पुढे धरला.

"दादा, हे ऐक. 'अध्यक्षांना माणसं आवडत नाहीत, गर्दी आवडते.' काय लिहितो रे हा. तुला आरपार ओळखतो."

"कोण गं?" आईने विचारले.

"निनावी आहे."

"चांगल्या घरचा दिसतोय. बाळ्या, तू का नाही रे असं काही लिहीत?"

अध्यक्षांच्या घशात घास अडकला. संतापाने अडकला असता तर या माणसाविषयी काही आशा बाळगता आली असती. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी विचारले, "तुला त्यातलं कुठलं वाक्य जास्त आवडलं?"

त्याच दुपारी 'जागता पहारा' याने आपले दुकान बंद केले. तटस्थ विद्यार्थ्यासारखा अभ्यासू टीकाकार पुढे आल्यावर आपल्यासारख्या हौशी माणसाची गरज उरलेली नाही, असे त्याने नम्रपणे कळवले. चिटणिसाने ही बातमी पेढे वाटायच्या सुरात सांगितली. एक शत्रू गेला, आता दुसरा तेवढा शोधून काढू, असे तो म्हणाला, आणि हा दुसरा भयंकर आहे, घरातलंच कोणी असावं, अशी शंकाही त्याने बोलून दाखवली.

आता मात्र अध्यक्षांना सभेची आठवण झाली. कमावलेला सगळा विश्वास एकदाच वापरायचा, असे ठरवून शुक्रवारी सकाळी तटस्थ विद्यार्थ्याने लिहिले की सर्व बाजू तपासून पाहता अध्यक्षांनाच पुन्हा संधी द्यावी, असे त्याचे प्रांजळ मत झाले आहे. क्षणात प्रतिसाद आले. 'खातं चोरीला गेलं का?' 'ही त्याची भाषा नाही.' 'प्रांजळ हा शब्द तो वापरणार नाही. हे अध्यक्षांनी घुसडलंय.' अध्यक्षांनी घाबरून मजकूर पुसला, आणि गेलेली पत सावरण्यासाठी कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट लिहिली: पायऱ्यांवर बसायला येण्याआधी अध्यक्षांनी आरशासमोर उभे राहून केस विस्कटून घेतले होते, फोटोत थकल्यासारखे दिसावे म्हणून. पत सावरली. अंगठे मोजण्यापलीकडे गेले.

शनिवारी सभागृह भरले होते. पायऱ्यांवर खरोखर बसलेल्या मुलींपैकी एकीने अविश्वासाचा ठराव मांडला आणि पुरावा म्हणून तटस्थ विद्यार्थ्याचे मजकूर एकामागून एक वाचले. लोक हसत होते, माना डोलावत होते. विस्कटलेल्या केसांपाशी आल्यावर तिला वाक्य दोनदा वाचावे लागले. व्यासपीठावर अध्यक्ष शेजारी बसलेल्या उपाध्यक्षेकडे झुकले.

"हे सगळं मी लिहिलंय."

"काय?"

"तटस्थ विद्यार्थी. तो मीच आहे. खातं माझ्याच मोबाइलवर आहे. आत्ता उठून सगळ्यांना दाखवतो."

टेबलाखाली धरलेल्या मोबाइलच्या पडद्याकडे उपाध्यक्षेने पाहिले. मग विचारले, "केसांची गोष्ट खरी आहे?"

"खरी आहे. म्हणून तर सांगतोय, दुसऱ्या कोणाला कशी माहीत असणार?"

"मग बसून राहा," ती शांतपणे म्हणाली. "निनावी आहे तोवर हा आरोप आहे, नाकारता येतो. तुम्ही उठून मीच तो म्हणालात की तो कबुलीजबाब झाला."

"मग मी काय करू?"

"अध्यक्ष आहात. ठराव मताला टाका."

अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. तो इतक्या हातांनी संमत झाला की विरोधातले हात मोजण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्यावर कोणीतरी उठून सुचवले की ज्या अज्ञात लेखकाने निर्भीडपणे आणि सुंदर भाषेत सत्य मांडले, त्याचे सभेने आभार मानावेत. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अशा टाळ्या अध्यक्षांनी उभ्या आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी मान लववली.

क्षणभर सगळे चपापले. मग टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि या वेळी त्या खरोखरच त्यांच्यासाठी होत्या. आपली लाज काढणाऱ्यापुढे मान लववायला मोठे मन लागते, असे मागच्या रांगेत कोणी म्हणाले. ठराव मांडणारी मुलगीही जराशी ओशाळली. आपण थोडे कठोर झालो का, अशी कुजबुज सुरू झाली आणि सभा संपता संपता असे ठरले की महासंघावर प्रतिनिधी म्हणून यांनाच पाठवावे का, यावर सोमवारी विचार करू. पांढरी गाडी वळण घेऊन पुन्हा दिसू लागली होती.

बाहेर ऊन कलले होते. अध्यक्ष व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि त्यांनी मोबाइल उघडला. तटस्थ विद्यार्थ्याच्या नावाने निरोपांचा ढीग साचला होता. सगळे एकच विचारत होते: त्या मान लववण्याबद्दल तुझे मत काय? सोमवारपर्यंत गप्प राहणे पुरेसे होते. एखादा चांगला शब्द लिहिला असता तर सोन्याहून पिवळे. अध्यक्षांनी लिहिले: 'आज अध्यक्षांनी मनाचा मोठेपणा दाखवला.' त्या वाक्याकडे त्यांनी लेखकाच्या नजरेने पाहिले. वाक्य मेलेले होते. ते त्यांनी पुसले आणि नवे लिहिले: 'मान पराभवापुढे लवली नाही. टाळ्या आपल्यालाच आहेत असं त्यांना वाटलं होतं.'

चिटणीस मोबाइलकडे बघतच बाहेर आला. चालता चालता थांबला आणि शेवटी बाकावर येऊन मटकन बसला.

"संपलं, अध्यक्ष. महासंघ गेला. आता सोमवारी तुमचं नावसुद्धा कोणी काढणार नाही." त्याने मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि सुस्कारा सोडला. "पण लिहिलंय काय हो."

"खरंच?" अध्यक्षांनी विचारले आणि ते बाकावर जरा सरकून त्याच्याजवळ बसले.