शून्य गळतीची बादली

पाणी खाली वाहते. ही गोष्ट सिद्ध करायला माणसाला फारसा वेळ लागला नाही. ते खाली वाहू नये म्हणून त्याने बादली केली, आणि बादलीने आपले काम नीट करावे म्हणून, बऱ्याच शतकांच्या विलंबाने, लाकडी बादली व टब सुधार कक्ष स्थापन झाला. कक्षात त्रेचाळीस कर्मचारी आहेत. त्यांपैकी एकानेही कधी बादली केलेली नाही. (निष्पक्षपणासाठी ती अटच आहे.) मी तिथे तांत्रिक सहायक म्हणून लागले तेव्हा माझ्याकडे पदार्थविज्ञानाची पदवी, एक चांगली मोजपट्टी आणि दोन-तीन शंका होत्या. मोजपट्टी अजून आहे.

लाकडी बादल्या आणि टब करणारा एकच कारखाना शहरात उरला होता, आणि तो माझ्या मामाचा. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, धार लावायचा दगड, मामा आणि मामी. चौतीस वर्षे मामा तिथे उभ्या फळ्या तासून, त्यांना गोलाकार जुळवून, बाहेरून लोखंडी पट्टे ठोकत आला आहे. त्याचे गिऱ्हाईकही एकच, मागच्या रस्त्यावरचे धुलाईघर. तिथे पांढरे कपडे भिजत घालतात. लोखंडी भांड्यात त्यांना गंजाचे डाग पडतात, आणि प्लॅस्टिकची भांडी सोड्याच्या उकळत्या पाण्यात मान टाकतात. लाकूड मुकाट्याने सगळे सोसते.

नव्या नियमाप्रमाणे प्रमाणपत्र नसलेली बादली तीन महिन्यांनंतर कुठल्याही आस्थापनेने वापरायची नव्हती. मामाला प्रमाणपत्र मिळाले नाही तर धुलाईघर त्याचा माल घेणार नाही आणि त्या लांबट खोलीला कुलूप लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होते. कक्षालाही. मामाला पाठवलेल्या पत्राच्या शेवटी तसे अत्यंत सौम्य शब्दांत लिहिले होते.

मी माझा नातेसंबंध लेखी जाहीर केला. कक्षप्रमुख साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चाचणी माझ्याकडेच सोपवली.

"घरचं माणूस जास्त कडक असतं," ते म्हणाले. "आमच्या सासूबाई बघा."

चाचणीची पद्धत नियम सातमध्ये दिली आहे. बादली एकवीस दिवस कोरड्या, उबदार जागी सीलबंद ठेवायची. मग काठाखाली चार बोटांपर्यंत पाणी भरून सहा तास थांबायचे आणि खाली किती पडले ते मोजायचे. कोरडे ठेवण्यामागे मोठा विचार आहे. बादली आधीच ओली असेल तर तळाशी दिसणारे पाणी आत्ताचे की पूर्वीचे, हे ठरवता येत नाही, आणि असे प्रश्न पुढे न्यायालयात जातात. कक्षाची नमुना-खोली या कामाला उत्तम आहे. तिच्या भिंतीपलीकडे इमारतीचे पाणी तापवायचे यंत्र आहे. तिथे ठेवलेला चिकट कागदही तीन दिवसांत चिकटेनासा होतो.

आता लाकडाचा स्वभाव असा, की ते वाळले की आडव्या दिशेने आकसते आणि ओले झाले की फुगते. लांबीत मात्र ते जवळपास तितकेच राहते. म्हणूनच लाकडी बादली आधी भिजवतात. फळ्या फुगतात, बाहेरचा पट्टा त्यांना पसरू देत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि फटी बुजतात. हे मला पुस्तकातून माहीत होते, मामाला हातातून, आणि कक्षातल्या बाकी बेचाळीस जणांना लहानपणापासून, कारण प्रत्येकाच्या घरी कधीतरी एखादे लाकडी भांडे होतेच. पण नियम सातमध्ये 'भिजवणे' हा शब्द नव्हता. जो शब्द नियमात नाही तो कक्षात कामाच्या वेळात कोणी वापरत नाही.

एकविसाव्या दिवशी सील तोडले. दोन्ही पट्टे घसरून जमिनीवर आले होते आणि सोळा फळ्या चारी दिशांना आरामात पहुडल्या होत्या. मी 'नमुना स्वेच्छेने सुटा झाला' असे लिहिले. मामाला बोलावणे गेले. त्याने खाली बसून एक फळी उचलली.

"साहेब, लाकूड आहे ते. त्याला पाणी पाजावं लागतं."

"म्हणजे मिस्त्री, तुमची बादली पाणी धरायच्या आधी स्वतःच पिते?"

"पिते की."

"किती?"

"तिला हवं तेवढं."

साहेबांनी लिहून घेतले: उत्पादकाच्या कथनानुसार मालाला पाण्याचे व्यसन आहे.

"तुमच्या त्या भट्टीनं माझी चांगली बादली मोडली," मामा म्हणाला. साहेबांनी हा आरोप बिनबुडाचा असल्याची नोंद केली. (बूड त्या वेळी घरंगळत कपाटाखाली गेले होते. मी नंतर मोजपट्टीने ओढून काढले.)

दुसऱ्या दिवशी मामा आणखी एक बादली घेऊन आला. ही त्याने आधी भिजवली होती. साहेब चांगल्या मनःस्थितीत होते, त्यामुळे आम्ही ती भरून पाहिली. सहा तासांत एक थेंब पडला, तोही माझ्या कपाळावरून. साहेबांनी मान डोलावली, मग बादलीला हात लावला आणि हात पटकन मागे घेतला. फळ्या ओल्या होत्या. बादली पाणी बाहेर सोडत नव्हती हे खरे, पण ती ते आत घेत होती. फाइलवर शेरा पडला: 'सदर प्रकरणी पाणी मुरत आहे.'

असा शेरा पडला की फाइल आपोआप चौकशीला जाते. चौकशीत मामाला विचारले गेले की पाणी नेमके कुठे मुरते आहे. मामाने फळीवर बोट ठेवून दाखवले. कबुलीजबाब म्हणून त्याची सही घेतली.

त्या दिवशी मी मामाकडे जेवायला गेले. मामी कक्षाची नियमपुस्तिका वाचत होती. तिला सवय आहे, औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदही ती शेवटपर्यंत वाचते.

"तुझ्या साहेबाला एकदा भिजत घातलं पाहिजे," मामा म्हणाला. "फटी बुजतील."

"ते आधीच फुगलेले असतात मामा."

"हसू नका दोघं," मामी पुस्तिकेतून मान न काढता म्हणाली. "सात आठवडे राहिलेत."

कक्षावर कोणी काही आरोप करो, तो नुसते नापास करून थांबत नाही. त्याच्या नावातच सुधार आहे. अकरा बैठका झाल्या आणि सुधारणा एकामागून एक सुचत गेल्या. आधी पट्टे दोनाचे अकरा केले. त्यामुळे फळ्या दिसेनाशा झाल्या आणि बादली उचलायला दोन माणसे लागू लागली, पण गळती आठ टक्क्यांनी घटली. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की गळती फटींतून होते आणि फटी फळ्यांच्या मधे असतात. तेव्हा फळ्याच कमी कराव्यात. सोळाच्या आठ झाल्या, आठाच्या चार. चार फळ्यांची बादली चौकोनी होते. (मामीने तिच्यात चादरी ठेवल्या.) एका सदस्याने बादलीखाली दुसरी बादली ठेवावी असे सुचवले. दुसरीही गळते हे लक्षात आल्यावर तिच्याखाली तिसरी ठेवायचे ठरले, आणि छताच्या उंचीअभावी हा प्रस्ताव बारगळला.

शेवटी जाडीचा विचार पुढे आला, आणि तो माझा होता. जाड फळी कमी गळते. बादलीचा बाहेरचा घेर नियमाने बांधलेला आहे (कक्षाच्या फळीवर नमुने ओळीत बसावेत म्हणून), त्यामुळे जाडी वाढवायची ती आतल्या बाजूला. मी मामाकडून वेगवेगळ्या जाडीच्या बादल्या करून घेतल्या आणि सहा तासांत किती लिटर पडते ते मोजले. दोन सेंटिमीटर जाडीच्या बादलीची गळती शंभर टक्के धरली, तर पाच सेंटिमीटरला ती सत्तर टक्के आली, आठला अडतीस, अकराला सोळा, तेराला चार. असा देखणा आलेख मी विद्यापीठातही पाहिला नव्हता. पुढची रेषा मी मोजपट्टीने वाढवली. पंधरा सेंटिमीटरला गळती शून्य होत होती. बादलीची बाहेरची त्रिज्याही पंधराच सेंटिमीटर आहे हे माझ्या लक्षात आले, पण तो मुद्दा अहवालाच्या कक्षेबाहेरचा होता.

साहेबांना आलेख फार आवडला. त्यांनी तो भिंतीवर लावला आणि तसा नमुना मागवला.

मामाने मापे वाचली. मग चष्मा काढून पुन्हा वाचली.

"पोरी, ह्याला ओंडका म्हणतात."

"कडी लावा त्याला," मामी म्हणाली. "कडी लावली की बादली."

"चौतीस वर्षं बादल्या केल्या मी. आता ओंडक्याला कडी लावू?"

"मग कुलूप लावा. तेही लोखंडाचंच असतं."

मामाने तीन दिवस ओंडक्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्याने ओंडका उत्तम तासला, दोन पट्टे चढवले, कडी बसवली आणि वरच्या गोल तोंडावर रंधा मारून ते इतके गुळगुळीत केले की साहेबांना त्यात टक्कल बघता आले असते. त्याला ओबडधोबड काही करताच येत नाही. मला त्या दिवशी त्याची थोडी लाज वाटली, म्हणजे त्याच्यासमोर माझी.

नमुना एकवीस दिवस भट्टीशेजारच्या खोलीत राहिला. चौदाव्या दिवशी तिथून बंदुकीसारखा आवाज आला. ओंडक्याला तडा गेला होता. मी घाबरले, मग शांतपणे विचार केला. बादली तडकली तर गळते, हे खरे, पण गळण्यासाठी आधी आत काही असावे लागते.

चाचणीच्या दिवशी मी नियमाप्रमाणे पाणी ओतले. ते वरच्या तोंडावर पसरले, कडेने खाली आले आणि साहेबांच्या बुटांत गेले. साहेबांनी नियम अकरा उघडला. पाणी काठावरून गेले तर ते ओसंडणे, तळातून वा बाजूंतून गेले तरच गळणे. ओसंडण्याची जबाबदारी ओतणाऱ्याची. मला एक समज-पत्र मिळाले आणि मामाला प्रमाणपत्र, प्रथम श्रेणी, गळती शून्य. वार्षिक अहवालात कक्षाने लाकडी बादल्यांमध्ये 'भरीव सुधारणा' घडवल्याचे म्हटले आहे. हे दोन शब्द शासकीय अहवालांत पूर्वीही बऱ्याचदा येत, पण ते शब्दशः खरे असण्याची ही पहिलीच वेळ असावी.

मुदतीला तेव्हा पाच दिवस होते. धुलाईघराच्या मुकादमबाई प्रमाणित बादली बघायला मामाकडे आल्या. त्यांनी ती कडीला धरून उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"दादा, ह्याच्यात कपडे भिजवायचे की ह्याच्यावर आपटायचे?"

मामीने पुस्तिका उघडून त्यांच्यापुढे धरली. नियम एकोणीस सांगतो, की प्रमाणित माल ग्राहकाकडे योग्य वेष्टनातून पोचवावा, जेणेकरून त्याला ओरखडा येणार नाही. वेष्टन कशाचे असावे हे उत्पादकाने ठरवावे. वेष्टनाला प्रमाणपत्राची गरज नाही. वेष्टन ग्राहकाने ठेवून घेतल्यास कक्षाची हरकत नाही.

मामाने पुस्तिका हातात घेतली, तो नियम ओठांनी वाचला, आणि ताबडतोब सोळा फळ्या काढल्या.

वेष्टन लाकडी आहे. गोल आहे. त्याला खाली बूड आहे, बाहेरून दोन पट्टे आहेत आणि वाहतुकीच्या सोयीसाठी कडी आहे. ओंडका आत अलगद बसावा इतके ते मोठे आहे, आणि पाठवण्याआधी मामा ते दिवसभर भिजवतो. (वेष्टन ओले असू नये असे कुठेही म्हटलेले नाही.) पाच दिवसांत धुलाईघराला चाळीस प्रमाणित बादल्या वेष्टनासह पोचल्या. वेष्टनांत आता कपडे भिजतात. प्रमाणित बादल्यांवर बायका दुपारी डबा खायला बसतात. साहेब पाहणीला गेले तेव्हा चाळीस बादल्या जागेवर होत्या, शिक्क्यासह, आणि एकीखालीही ओल नव्हती. त्यांचे डोळे पाणावले. तेवढीच त्या दिवसाची गळती.

मामाची खोली उघडी राहिली. पण प्रमाणपत्र वर्षाचेच असते, आणि त्याच्या नूतनीकरणाला जनमत लागते. पाचशे मते, त्यांत प्रमाणित मालाला मोठी पसंती. फॉर्म मी तयार केला. एकच प्रश्न होता: आपण कोणती बादली पसंत कराल? (अ) प्रमाणित, प्रथम श्रेणी, गळती शून्य. (ब) अप्रमाणित, कोरडी असताना गळणारी. फॉर्म कार्यालयांत, वाचनालयांत आणि महाविद्यालयांत वाटले. चारशे नव्व्याण्णव ग्राह्य मते आली. चारशे एक्क्याऐंशी (अ), अठरा (ब). काहींनी समासात शाबासकीही लिहिली. धुलाईघरातून आलेले पंधरा फॉर्म मात्र बाद करावे लागले, कारण पंधराही जणींनी खूण न करता 'पाणी किती मावतं?' असे उलट विचारले होते. प्रश्न विचारायला फॉर्ममध्ये जागा नाही.

पाचशेवे मत मिळेना, आणि आज शेवटचा दिवस आहे. मग तुमची आठवण झाली. मी तुम्हाला त्रिज्या सांगितली, फळ्यांची संख्या सांगितली, पट्टे सांगितले, पाच वेगवेगळ्या जाडींची गळती टक्क्यांत सांगितली. मामाच्या साध्या बादलीत पाणी किती मावते हे कुठेच सांगितले नाही, आणि इथवर वाचत येताना तुम्हीही विचारले नाही. त्यामुळे तुमचे मत (अ)मध्ये धरून फॉर्म बंद केला आहे. मामाचे कुलूप वर्षभरासाठी टळले. त्याने तुमचे आभार कळवायला सांगितले आहेत.