मेल्यावरची पेशी

बाळांनो, डोळे मिटा आणि शेजारी शेजारी दोन घरं मनात उभी करा. मधे दीड हात रुंदीचा बोळ. इतका चिंचोळा, की आत शिरलेल्या मांजराला वळता येत नाही, मागे मागे सरकतच बाहेर यावं लागतं. या बोळावरून एका घरातले आजोबा आणि दुसऱ्या घरातला रंगारी एकतीस वर्षं कोर्टात भांडत होते. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. जगाची बंद घड्याळं ते अर्ध्या तासात चालू करत, पण त्यांचा स्वतःचा खटला काही केल्या पुढे सरकत नव्हता. दर तीन महिन्यांनी कोर्टात पेशी, आणि तिथे गेलं की पुढची पेशी. बोळ कुणाचा हे सांगायला एक साक्षीदार मिळेल तर शपथ!

एका सकाळी फोन वाजला. आजोबा तेव्हा चिमट्यात बारीकसा स्क्रू धरून बसले होते.

"... पेढीतून बोलतेय," पलीकडून एका मुलीचा आवाज आला. पहिला शब्द खरखरीत गेला. "तुमचा फॉर्म मिळाला. मूळपेशींबद्दल थोडं सांगायचं होतं."

"मूळ पेशी? ती एकतीस वर्षांपूर्वीच झाली की!"

"तसं नाही. मृत्यूनंतरचं म्हणतेय मी."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

स्क्रू पडला तो टेबलाखाली गेला.

"घरच्यांनी तेव्हा लगेच कळवायचं बरं का. सहा तासांच्या आत घ्याव्या लागतात."

"जिवंतपणी तीन तीन महिने ताटकळत ठेवता, आणि मेल्यावर सहा तासांत? वा रे न्याय!"

"तुम्हाला कुठे जायला नको आजोबा. आमची माणसंच घरी येतील."

"उपकार झाले!"

"लगेच लागल्या नाहीत तर गोठवून ठेवता येतात. आणि गंमत सांगू? एका मूळपेशीतून हजारो पेशी निघतात!"

"निघतात ना! माझ्या झिजलेल्या चपलांना विचारा! पत्ता सांगा तुमचा. मी जिवंतपणीच येतो!"

फोन आपटून आजोबा वळले, तर दारात नात उभी. तिला सगळे टाचणी म्हणत, कारण कुणी चुकीचं बोललं की ती टोचल्याशिवाय राहत नसे.

"आजोबा, अहो पेशी म्हणजे..."

"तू मधे बोलू नकोस! मेल्यावर मी काय उठून 'हजर, साहेब' म्हणू?"

त्यांनी उशीएवढी जाडजूड फाईल काखेत मारली, टाचणीचा हात धरला आणि निघाले. वाटेत टाचणीनं तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा "गप्प!" ऐकलं.

पत्त्यावर नेत्रपेढीची पाटी होती. फणफणत चाललेल्या माणसाला पाट्या दिसत नाहीत. आत बाकावर, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून, कोण बसलेलं असावं? रंगारी! गेल्या वर्षी त्या बोळातल्याच भिंतीला चुना देताना त्याच्या डोळ्यांत चुना गेला होता. एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्यापुढे धुकं.

"हा बघा! माझ्या मेल्यावरच्या पेशीलाही माझ्या आधी हजर!"

रंगारी आवाजाच्या दिशेला वळला. "तू मेलास कधी? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आजोबांनी टेबलावर फाईल आदळली. "मेलेल्या माणसाच्या पेशी घेता, लाज नाही वाटत?"

"नाही," बाई म्हणाल्या, "अभिमान वाटतो."

आता मात्र टाचणीला राहवेना. ती बाकावर चढली. "आजोबा, हे कोर्ट नाही! पेशी म्हणजे तारीख नाही! शरीराचा इवलासा कण म्हणजे पेशी!" तिनं भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "बुबुळाच्या या कडेला मूळपेशी असतात. त्या नव्या नव्या पेशी तयार करतात, म्हणून डोळा स्वच्छ राहतो. काकांच्या चुन्यानं जळल्या. मेल्यावर कुणी डोळे दिले, तर त्यातल्या काढून, वाढवून दुसऱ्याला लावता येतात. फॉर्म मीच शाळेतून आणला होता. तुम्ही न वाचता सही केलीत!"

खरंच केली होती. वकिलाचं बोट दिसेल तिथे सही, ही एकतीस वर्षांची सवय. आजोबा लाल झाले, पण रागाला दुसरी वाट सापडली. "म्हणजे माझ्या पेशी याला लावणार?"

"ज्याची पाळी असेल त्याला," बाई म्हणाल्या. "कदाचित यांनाही."

"आणि माझ्या डोळ्यानं हा माझाच बोळ बघणार?"

"नको रे बाबा," रंगारी म्हणाला. "तुझ्या पेशी लावल्या, तर मलाही तो बोळ तुझाच दिसायचा!"

बाईंनी फॉर्म पुढे केला. "न समजता केलेली सही आम्हाला चालत नाही. हा फाडा. समजून द्यायचं असेल, तर दुसरा देते."

आजोबांनी फॉर्म टराटरा फाडला. टाचणीचा चेहरा एवढासा झाला.

रंगारी उठायला गेला आणि बाकाची कड चाचपू लागला. आजोबा त्या हाताकडे बघत राहिले. भांडणाआधी त्यांच्या दुकानाची पाटी याच हातानं रंगवली होती. अजून एक अक्षर हललं नव्हतं.

"द्या तो दुसरा," आजोबा खेकसले. खिशातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं आणि सही ठोकली. "पण सांगून ठेवतो, मी इतक्यात मरणार नाही!"

"तुझ्या भरवशावर बसलो तर झालंच माझं!"

"अजून एक सही लागेल," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराची."

आजोबांचा चेहरा पडला. एकतीस वर्षं मिळाला नव्हता, तो आता कुठून आणायचा?

टाचणीनं कुणालाच विचारलं नाही. तिनं आजोबांच्या हातातलं पेन काढून रंगाऱ्याच्या हातात दिलं आणि त्याचं बोट धरून नेमकं ठिपक्यांच्या रेघेवर टेकवलं.