तिसरा दिवा

मोटार अठ्ठेचाळीस वर्षांची असणे हा दोष नाही. तिच्या डॅशबोर्डवरच्या तीन तबकड्यांपैकी एकीमागचा दिवा न लागणे हा मात्र दोष आहे आणि तो तीस दिवसांत दूर न झाल्यास मोटार भंगारात काढण्यात येईल, असे तपासणी निरीक्षकांनी काकांना लेखी कळवले. बाकी मोटार ठणठणीत होती. पेट्रोलची तबकडी उजळत होती, इंजिनाच्या तापमानाचीही. वेगाची तेवढी अंधारात होती, आणि काका जसे चालवत ते पाहता वेग बघावा लागेल असा प्रसंग त्या मोटारीवर कधी आलाच नव्हता.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती कागदावर सरळ मारल्या. मोटार त्यांनी काही मिरवायला ठेवली नव्हती. काकूंचा आधी उजवा गुडघा धरला, मग दोन्ही धरले, आणि हल्लीच्या बुटक्या गाड्यांत वाकून शिरणं त्यांना जमेना. या एकाच मोटारीचं दार रुंद आणि बैठक चांगली खुर्चीएवढी उंच. दर शुक्रवारी काका त्यांना तिच्यातून बहिणीकडे नेत. मोटार गेली की शुक्रवार गेला, आणि मग काकूंच्या अख्ख्या आठवड्यात उरणार काय, तर घरातली एक खिडकी.

तेव्हा काकांनी मेकॅनिकला गाठलं. दिवा बोटाच्या पेराएवढा, पण त्याच्यापर्यंत हात पोचायला आधी स्टिअरिंग उतरवा, मग डॅशबोर्ड काढा. मेकॅनिक दोन दिवस डोकं आत आणि पाय बाहेर असा पडून राहिला. तसला दिवा बाजारात मिळेना, म्हणून त्याने नव्या तऱ्हेचा बसवला. लख्ख लागला. काका हरखून कचेरीत गेले, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

नवा दिवा पांढरा होता, जुने दोन पिवळे. निरीक्षक माणूस वाईट नव्हता हो. त्याने काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मग नियम दाखवला. मोटार क्लासिक वर्गातली, सबब मूळ स्वरूपात बदल निषिद्ध. दिवा मूळ कारखान्याचाच हवा. काका म्हणाले, कारखाना बंद पडून बत्तीस वर्षं झाली. निरीक्षक म्हणाले, काही हरकत नाही, बंद असल्याचं कारखान्याचं पत्र आणा.

काका गेलेही. कारखान्याच्या जागी चपलांचं दुकान होतं. दुकानदार भला निघाला. त्याने आपल्या कागदावर शिक्क्यासह लिहून दिलं, की येथे मोटारी होत नाहीत, चपला मिळतात. निरीक्षकांनी ते पत्र दोनदा वाचून शेरा मारला: 'सदर दुकान मोटारी बनवत नसल्याचे दिसते, कारखाना बंद असल्याचे दिसत नाही.' अठ्ठाविसावा दिवस उजाडला. काकूंनी बहिणीला फोन करून सांगितलं, आता तूच येत जा. बहीण म्हणाली, मला गं कोण आणणार? काकांनी ते शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि त्यांचं जेवणावरचं मन उडालं.

शेवटी तोडगा काढला तो निरीक्षकांनीच. दार लोटून, आवाज खाली आणून.

"काका, तो पांढरा काढा, आणि बाकीचे दोन दिवेही काढून टाका."

"ते तर चालू आहेत, साहेब."

"तीच तर अडचण आहे. दोन लागतात, म्हणून तिसरा लागत नाही हे दिसतं. तिन्ही नसले की मोटार मुळातच बिनदिव्याची. बिनदिव्याच्या मोटारीत दिवा लागत नाही, हा दोष मी लिहू तरी कसा?"

वाद घालायचा तरी हाती दोनच दिवस होते. मेकॅनिकने पुन्हा डोकं आत घातलं आणि दोन धडधाकट दिवे उपटून काकांच्या तळहातावर ठेवले. ते अजून कोमट होते. तिसाव्या दिवशी दाखला मिळाला. 'मूळ स्वरूप: दिवाविरहित. दोष: नाही.' काकांनी निरीक्षकांचे हात हातात घेऊन आभार मानले, आणि अगदी मनापासून मानले.

त्या शुक्रवारी काकू बहिणीकडे जाऊन आल्या. परतताना दिवेलागण झाली, डॅशबोर्ड तव्याच्या पाठीसारखा काळा. काकूंनी पिशवीतून टॉर्च काढून त्यावर धरला. काका मोठ्या खुशीत होते. निरीक्षकांनी कशी शक्कल लढवली, ते त्यांनी नकला करून सांगितलं. काकू हसल्या नाहीत.

"माझा एक गुडघा दुखत होता, तेव्हा तुम्ही तीन डॉक्टरांचे उंबरे झिजवलेत," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही दुखतात, तर म्हणता वय झालं."

मोटार गल्लीत वळली. गल्लीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. मागे इथल्या एका खांबावरचा दिवा गेला होता, तेव्हा सगळ्यांनी मिळून अर्ज केला होता. त्यावर, वाचकहो, तुमचीही सही होती. आता एकही लागत नाही. आणि परवाच तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, आमची गल्ली फार शांत आहे म्हणून.