झाकण ठेवायचं नाही

मुकुलने गॅसवर चढवलेल्या मोठ्या पातेल्यात बिअर होऊ घातली होती, आणि घर होतं व्यंकटकाकांचं. काका माळकरी. सेनगावात नोकरी लागल्यापासून मुकुल त्यांच्याकडेच राहत होता. बिअरचं कळलं असतं तर त्याची बॅग अंगणात गेली असती. ताराकाकूंनी ती गुपचूप परत आत आणली असती. पण काकू जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून काका आतल्या खोलीत पडून असत आणि त्यांचं ताट जसंच्या तसं परत येई.

मोड आणून वाळवलेले सातू मुकुलने सकाळीच गरम पाण्यात मुरवून गाळले होते. आता ते गोड पाणी तासभर खळखळ उकळायचं, मग झटकन थंड करून त्यात यीस्ट घालायचं. हॉप्सची कडू फुलं त्याने नुकतीच टाकली होती. झाकण मात्र ठेवायचं नाही, असं व्हिडिओतल्या माणसाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"काय शिजवून राहिला रे लेकरा?" स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाईंनी विचारलं.

"काढा."

"एवढा? गावजेवण हाय का काढ्याचं?"

"साठवायचाय, मावशी. मी बर्फ घेऊन येतो. झाकू नका तेवढं."

"काढ्याला बर्फ?" शालूबाई म्हणाल्या, पण तो निघून गेला होता.

त्यांनी चमचाभर चाखून तोंड वाकडं केलं. पोराला काढा जमला नव्हता. त्यांनी सुंठ, मिरी आणि ओवा सढळ हाताने टाकला. मग त्यांना छताजवळची पाल दिसली. त्यांनी पातेल्यावर परात ठेवली आणि ती हलू नये म्हणून वर वरवंटा.

मुकुल पोत्यात बर्फ गुंडाळून आला तेव्हा परात वरवंट्यासकट नाचत होती, तपकिरी फेस ओट्यावरून खाली उतरत होता आणि गॅस विझला होता.

"मावशी, झाकू नका म्हटलं होतं ना?"

"अन् पाल पडली असती तर? तुझा काढा ऱ्हायला असता अन् आमीच गेलो असतो."

वास घरभर झाला. आतल्या दारात व्यंकटकाका येऊन उभे राहिले.

"काय हाय हे?"

"काढा केलाय पोरानं," शालूबाई म्हणाल्या.

"खोकला कुणाला झाला?"

मुकुल खोकला.

"दे मलाबी. घसा धरलाय."

"काका, तो अजून व्हायचाय."

"काढ्याला अजून काय व्हायचं असतं?"

याचं बिनचूक उत्तर मुकुलला ठाऊक होतं. पण यीस्ट पडलेलं नव्हतं, म्हणजे दारू झालेली नव्हती आणि माळेला अद्याप धोका नव्हता. तेवढ्या आधारावर त्याने पेला भरला.

काकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बराबर कडू झालाय," ते म्हणाले. "तारा असाच करायची. जीभ जळायची, पण भूक लागायची." "शालूबाई, भाकरी हाय का?"

शालूबाईंनी तवा ठेवला. मुकुलच्या खिशात यीस्टची पुडी होती. ती तशीच राहिली. काकांनी दुसरा पेला मागितला आणि उरलेलं पातेलं उद्यासाठी झाकून ठेवायला सांगितलं.

"रोज करत जा," ते म्हणाले.

त्यानंतर मुकुलने दोनदा सातू मागवले, तेही काढ्यासाठीच. एका रविवारी हिंगोलीहून त्याच्या मित्राचा, बंडूचा फोन आला.

"काहून बे, काही सांगून नाही राहिला. बिअर कुठवर आली?"

मुकुलने आत पाहिलं. काका पाटावर बसून शालूबाईंना आणखी अर्धी भाकरी वाढायला सांगत होते.

"दीड भाकरीवर आली," तो म्हणाला. "इकडे येशील तेव्हा सुंठ घेऊन ये."