भानुदासरावांचा न सापडणारा सिनेमा

ईशान, अनन्या, तुमची आजी सांगतेय ते ऐका: आमच्या केडगावच्या गल्लीतले भानुदासराव रोज सकाळी दूध आणायला उलटे चालत जातात. तोंड आमच्या फाटकाकडे, पाऊल डेअरीकडे. त्यामुळे समोरच्या माणसाला ओलांडून गेल्यावरच त्यांचा नमस्कार होतो. नवख्याला कळत नाही, हे आले की गेले.

“नाना, मागं म्हस हाय!” भाजीवाली शांता ओरडते.

“म्हशीला डोळं हायत की!”

भानुदासराव मूळचे श्रीगोंद्याचे. पंचवीस वर्षं मुंबईत भुताच्या सिनेमांत भूत होते. एका दिग्दर्शकाने त्यांना उलटं चालवलं आणि ती फिल्म उलटी फिरवली. पडद्यावर भूत सरळ चालत यायचं, पण उडालेली धूळ परत त्याच्या पायाखाली शिरायची. “पब्लिक लई भ्यायचं,” ते सांगतात. तेव्हापासून उलट्या चालीचं सगळं काम त्यांच्याकडेच आलं. चेहऱ्यावर मात्र कायम रबराचा मुखवटा. त्यांना कुणी ओळखलं नाही ते नाहीच.

गेल्या महिन्यात ते माझ्याकडे आले.

“बाई, तुमच्या नातवंडांनी दिलेल्या टॅबवर जुनं पिक्चर दिसत्यात म्हनं. मला एक हुडकून द्या. एक डोळा गेलाय, दुसराबी जायला लागलाय. त्याच्या आत बघायचाय.”

“नाव काय सिनेमाचं?”

“न्हाई आठवत. त्यात विहीर हाय.”

मी वहीत रकाने आखले: सिनेमा, भूत, मरणाचं कारण. चार दुपारींत वहीने हात टेकले.

“ह्यात विहिरीतलं भूत तुम्ही ना?”

“न्हाई. त्यो पिक्चरमधला माझा भाऊ. मी चिंचंवर.”

“चिंचेवर तर बाई आहे.”

“तीबी मीच.”

एका सिनेमात एक भूत दुसऱ्या भुताच्या मागे लागलं होतं. दोन्ही भानुदासराव. कोण कुणाला भ्यालं होतं, हे त्यांनाही सांगता येईना. वही तपासली, तर एका ठिकाणी मी त्यांना जन्माआधीच मारून ठेवलं होतं. विहीर बहुतेक सिनेमांत निघायची आणि ते मान हलवायचे, “ही न्हाई, बाई. म्होरचा लावा.” मला वाटलं, त्यांना आपलं सगळ्यात चांगलं काम एकदा पाहायचं असावं.

नवव्या सिनेमात पुन्हा विहीर. पाणी भरणाऱ्या बायका, आतून वर आलेला हिरवा हात, किंकाळ्या, फुटलेल्या घागरी.

“थांबवा!”

मी थांबवलं आणि भूत न्याहाळू लागले.

“भूत काय बघताय बाई! बाया बघा.”

पाच जणी पळत होत्या. सहावी कमरेवर घागर घेऊन जागची हलली नव्हती. ती हसत होती.

“आमची कमळ,” भानुदासराव म्हणाले. “डबा घिऊन आल्ती. बाया कमी पडल्या, म्हनून हुबी केली. म्हनलं, मी वर आलो की वरडत पळ. तर म्हनती कशी, सकाळी ह्याच मानसाला भाकरी वाढली, आता कशी भिऊ?”

“आणि दिग्दर्शक?”

“लई शिव्या घातल्या. मला.”

कमळाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो नाही का, असं मी विचारलं.

“आधार कार्डावर हाय की. पन त्यात भ्यालीय वो.”

मग त्यांनी टॅब नाकापाशी धरला.

आता रोज दुपारी चारला ते येतात. मी तेवढंच दृश्य लावते. हात वर येतो, बायका पळू लागतात, आणि भानुदासराव माझ्या कोपराला हलकेच हात लावून म्हणतात, “आता बघा हां, बाई. आता हसंल.”