तात्यांची कालची संध्याकाळ

पलूसला आमच्या शेजारी राहणारे सुभेदार तात्या रोज सकाळी आमच्याकडे चहाला यायचे, ते स्वतःचीच बातमी काढायला. कपबशी हातात घेतली की पहिला प्रश्न, "गड्या, काल सांजच्याला आमी काय केलं?"

काय नाही केलं ते विचारा! एकदा अर्धी दाढी करून सगळा बाजार फिरून आले. एकदा म्हैस खाटेला बांधली, ती खाट ओढत थेट ओढ्यावर. सकाळी खाट दिसेना, तर तात्यांचा संशय माझ्यावर.

तात्यांचा मुलगा शिवा एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. तात्या जेवेनात, बोलेनात. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी मनाला उभारी यावी म्हणून गोळी दिली आणि बजावलं, दारू घ्यायची नाही. दोन्ही पोटात गेलं तर कशात लक्ष लागायचं नाही, काही ध्यानात राहायचं नाही. पण मिलिटरी कँटीनची रम तात्यांना देवाच्या ठिकाणी. "रमनं आख्खी पलटण जगवली. इसराय लावती ती ही गोळी," असं म्हणत आणि ती गोळी रमच्या घोटाबरोबरच गिळत. डॉक्टरांनी पाण्याबरोबर घ्या म्हटलं होतं ना? मग रममध्ये पाणी असायचंच की! आता काय बोलणार, कपाळ!

मी त्यांना सकाळी हसण्यापुरतंच सांगायचो. बाकीचं सांगू नको, अशी तात्यांच्या बायकोची, आमच्या काकींची, ताकीद होती. पण एका संध्याकाळी भिंतीपलीकडून काकींचं रडणं ऐकलं आणि सकाळी मला राहवेना. म्हटलं, "तात्या, तुम्ही रोज विचारता, शिवा आला का. काकी सांगतात, रजा मिळाली नाही, दिवाळीला येईल. तुम्ही जेवून झोपता. त्या ताटावरून तशाच उठतात."

तात्यांच्या चहावर साय धरली.

"रोज इचारतुया?"

मी मान डोलावली.

"आमी इसरून मोकळं. तिला कवा इसरता येतंय?" एवढं बोलून ते उठले.

त्या दिवसापासून रम पोटात जायची बंद झाली. आता कँटीनची बाटली काकींच्या गुडघ्यांना लागते. तात्या स्वतः चोळतात. वासानंच चढतिया म्हणून काकी कुरकुरतात, पण पाय काही मागे घेत नाहीत.

पुढच्या खेपेला मी तात्यांबरोबर विश्रामबागेत गेलो. ध्यानात राहतं का, डॉक्टरांनी विचारलं.

"समदं ऱ्हातंय," तात्या म्हणाले. "लय जड जातं, सायेब. पर आता ती एकटी रडत न्हाई."