बबनरावांची प्रेस

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवा पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला शेजारच्या बबनरावांच्या प्रेसमध्ये हात घालावा लागतो. कारखान्यात पत्रा ठोकून आकार देणारं, भंगारबाजारातून आणून त्यांनी जुळवलेलं हे धूड पार्किंगमध्ये नेमकं माझ्या स्कूटरच्या जागेवर उभं आहे. मी तीनदा तक्रार घेऊन गेले आणि तिन्ही वेळा माझाच हात आत ठेवून घेण्यात आला.

प्रकार असा. आपण तळहात आत ठेवायचा. बबनराव दोन बाजूंची दोन बटणं दोन हातांनी दाबतात. वरचा लोखंडी ठोकळा धाडकन सुटतो आणि हाताच्या चार बोटं वर थबकून तो हलकेच टेकतो. ठोकळ्याला खालून गोधडीचा तुकडा लावलाय, त्यामुळे कुणी थोपटल्यासारखं वाटतं. तरी मी दरवेळी डोळे मिटते. बबनराव दरवेळी म्हणतात, "मशीन हाय ते, वहिनी. मानूस थोडाच हाय घाबरायला?"

माणसांना मात्र ते खरंच घाबरतात. लिफ्टमध्ये कुणी दिसलं की जिन्याने जातात. आमचा मिक्सर दुरुस्त करताना त्यांनी त्याला "दमलास व्हय रं?" असं विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. इतक्या मायेनं मी नवऱ्यालाही कधी विचारलं नसेल.

माझी मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात आहे. माणसाला यंत्राचा आधार वाटतो की भीती, यावर कॉलेजचं प्रदर्शन होतं आणि तिला ही प्रेस हवी होती. बबनराव हरखले, पण नाही म्हणाले. आधी साळवे येऊन बघू देत, मग कुठंही न्या, म्हणाले.

साळवे म्हणजे महाळुंग्याच्या वर्कशॉपातले त्यांचे जोडीदार. बबनराव प्रेस सेट करायचे, साळवे चालवायचे. चालवणाऱ्याचे हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही बटणं दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. माल लवकर सुटावा म्हणून बबनरावांनी एक बटण चिंधीनं दाबून बांधलं. साळव्यांचा डावा हात मोकळा राहिला, तो आत गेला आणि तीन बोटं गेली. हे सगळं बबनरावांनीच मला सांगितलं, मिक्सरचा स्क्रू आवळत, मान खाली घालून. तेव्हापासून बारा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. ही प्रेस तयार झाल्यापासून दर दसऱ्याला निरोप जायचा, साळवे यायचे नाहीत.

यंदा मुलगी स्वतः जाऊन त्यांना विनवून आली. दसऱ्याला आमचे गाड्यांना हार घालून झाले आणि साळवे आले, विहारातून थेट, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी प्रेसभोवती एक चक्कर मारली. एकेक बटण वेगवेगळं दाबून बघितलं, ठोकळा हलला नाही. मग बबनरावांकडे न बघता मला विचारलं, "ह्यानं स्वतः घातलाय का कधी हात?"

अगंबाई, खरंच की! अख्ख्या सोसायटीचे हात आत जाऊन आले होते, यांचा एकदाही नाही.

बबनरावांनी तळहात आत ठेवला. साळव्यांनी एका बटणावर उजवा हात ठेवला, दुसऱ्यावर दोन बोटांचा डावा. ठोकळा सुटला, थबकला आणि हलकेच टेकला. बबनराव रडत होते. त्यांनी हात ओढायला घेतला.

"राहू दे," साळवे म्हणाले. "दोन्ही बटणं मी धरलीत."